कामावरील गैरवर्तन : भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या संदर्भात

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारानुसार वर्षाला दहा लाख टन क्षमतेचा हा कारखाना तेव्हाच्या मध्य प्रदेशातील दुर्ग जिल्ह्यात उभारण्यात आला होता. राजहऱ्याच्या खाणींतून लोहखनिज आणावयाचे आणि त्यापासून रेल्वेचे रूळ, जाड पत्रे व बांधकामाचे पोलाद तयार करावयाचे, हे त्याचे मुख्य काम आजही चालू आहे. भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझवली जात नाही. तिच्याबरोबर तीन पाळ्यांमध्ये हजारो माणसे जागी राहतात. अशा ठिकाणी एका माणसाची डुलकी, एका पर्यवेक्षकाची घाई किंवा एका अधिकाऱ्याने तपासणीविना केलेली स्वाक्षरी यांचा परिणाम त्या माणसापुरता राहत नाही. म्हणूनच कर्मचाऱ्यांचे हानिकारक वर्तन या विषयाचा विचार पोलाद कारखान्याच्या संदर्भात करणे उपयुक्त ठरते.

मनुष्यबळ व्यवस्थापन, कामगार कायदे आणि प्रशासनातील नीतिमूल्ये या तिन्ही अंगांनी स्पर्धा परीक्षांत हा विषय येतो. पाठ्यपुस्तकांत तो बहुधा गैरवर्तनाच्या प्रकारांची यादी आणि शिक्षेची यादी एवढ्यावर संपतो. खरा प्रश्न त्या दोन याद्यांच्या मधल्या जागेत आहे. एखादे वर्तन हानिकारक आहे हे कोण ठरवितो, कोणत्या पुराव्यावर ठरवितो आणि ज्याच्यावर ठपका ठेवला जातो त्याला स्वतःची बाजू मांडण्याची संधी असते काय?

गैरवर्तनाची व्याख्या

आपल्याकडे या विषयाचा पाया औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ या कायद्याने घातला. १०० किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनांनी सेवाशर्ती लेखी स्वरूपात निश्चित कराव्यात, त्या प्रमाणित करून घ्याव्यात आणि कामगारांना समजतील अशा रीतीने लावाव्यात, असे बंधन त्यात होते. त्याआधी मालकाची मर्जी हाच नियम असे. या कायद्याखालील नमुना स्थायी आदेशांत गैरवर्तनाची जी यादी दिली होती, ती अनेक दशके देशभरातील कारखान्यांत प्रमाण मानली गेली. वरिष्ठांच्या कायदेशीर व वाजवी आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा, मालकाच्या व्यवसायासंबंधात किंवा मालमत्तेबाबत चोरी, फसवणूक वा अप्रामाणिकपणा, मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान, लाच देणे वा घेणे, रजेशिवाय वारंवार किंवा सलग दहा दिवसांहून अधिक गैरहजर राहणे, नेहमी उशिरा येणे, कामाच्या वेळेत दंगामस्ती करणे, कामात नित्य हयगय करणे, बेकायदा संप करणे वा त्यास चिथावणी देणे ही त्यांतील प्रमुख कलमे होत. लैंगिक छळाचा समावेश पुढे १९९९ मध्ये झाला.

या यादीतील विशेषणांकडे विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे. आदेश ‘कायदेशीर व वाजवी’ असला पाहिजे, अवज्ञा ‘हेतुपुरस्सर’ असली पाहिजे, हयगय ‘नित्याची’ असली पाहिजे. एक दिवस उशीर झाला म्हणून कोणी गैरवर्तनी ठरत नाही. पाइपलाइनमध्ये गॅस आहे की नाही याची खात्री न करता ती उघडण्याचा आदेश कोणी दिला आणि कामगाराने नकार दिला, तर ती अवज्ञा ठरत नाही, कारण आदेशच वाजवी नव्हता. कायद्याची सारी धार या विशेषणांत आहे आणि प्रत्यक्ष व्यवहारात सर्वांत आधी विसरली जातात ती हीच.

समाजशास्त्रीय अभ्यासातून झालेले वर्गीकरण याहून निराळे आहे. सँड्रा रॉबिन्सन आणि रिबेका बेनेट यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात दोन निकष आहेत. वर्तनाचा रोख संस्थेकडे आहे की सहकाऱ्याकडे, हा पहिला निकष आणि ते किरकोळ आहे की गंभीर, हा दुसरा. काम टाळणे व मुद्दाम संथ काम करणे हे उत्पादनासंबंधीचे विचलन होय. यंत्राची मोडतोड किंवा चोरी मालमत्तेसंबंधीच्या विचलनात येते. चहाडी, कुजबुज आणि पक्षपात यांना त्यांनी राजकीय विचलन म्हटले, तर शिवीगाळ व छळ यांना वैयक्तिक आक्रमण. या चौकटीचा फायदा असा की, पक्षपात करणारा अधिकारी आणि मशीनचा भाग पळविणारा कामगार हे दोघेही तीत दिसतात. स्थायी आदेशांत मात्र फक्त कामगार दिसतो. भिलाईसारख्या उपक्रमात अधिकाऱ्यांसाठी स्टील अथॉरिटीचे आचरण, शिस्त व अपील नियम, १९७७ हे वेगळे नियम लागू झाले. एकाच छताखाली दोन स्तरांसाठी दोन संहिता, अशी ही रचना आहे.

चूक आणि नियमभंग

१२ जून २०१४ रोजी भिलाईत झालेल्या वायुगळतीत सहा जणांचा मृत्यू झाला व अनेक जण बाधित झाले. मृतांमध्ये वरिष्ठ अधिकारीही होते. झोतभट्टीच्या वायुशुद्धीकरण यंत्रणेला पाणी पुरविणाऱ्या पंपगृहात बिघाड झाला, पाण्याचा दाब घटला आणि पाण्याने अडवून धरलेला वायू उलट दिशेने पंपगृहात शिरला. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे असते. या वायूला रंग नाही, वास नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक सहजतेने जोडला जातो. माणसाला धोका कळण्यापूर्वीच त्याचे पाय लटपटू लागतात. मुखवटा लावल्याशिवाय, एकट्याने, वायुमापक न घेता वायुक्षेत्रात जाऊ नये हा नियम त्यामुळेच आहे. पडलेल्या सहकाऱ्याला वाचविण्यासाठी मुखवट्याविना धावत जाणे ही माणसाची अत्यंत स्वाभाविक ऊर्मी असते आणि वायुदुर्घटनांत बळींची संख्या वाढते ती बऱ्याचदा याच ऊर्मीमुळे. शिस्त ही केवळ आळशी व उद्धट माणसांसाठी असते या समजुतीला येथे छेद जातो. चांगुलपणालाही येथे नियम पाळावा लागतो.

त्यानंतर चार वर्षांनी, ९ ऑक्टोबर २०१८ रोजी, कोक भट्टीच्या परिसरात वायुवाहिनीवर नियोजित देखभालीचे काम सुरू असताना आग भडकली आणि दहाहून अधिक कर्मचाऱ्यांचे प्राण गेले. या घटनेनंतर कारखान्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास पदावरून दूर करण्यात आले आणि सुरक्षा व ऊर्जा व्यवस्थापन या विभागांतील दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले. दुर्घटनेची पहिली जबाबदारी शेवटच्या पायरीवरील माणसावर टाकण्याची जी जुनी सवय उद्योगांत आहे, तिच्या तुलनेत ही कारवाई वेगळी होती.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये मानवी चुकांवरील आपल्या ग्रंथात केलेला भेद येथे उपयोगी पडतो. हात घसरणे, एखादी पायरी विसरणे, परिस्थिती चुकीची समजणे ही ‘चूक’ होय. नियम माहीत असून तो मोडणे हा ‘नियमभंग’ होय. नियमभंगातही पुन्हा फरक करावा लागतो. उत्पादनाचे उद्दिष्ट गाठण्यासाठी सगळी पाळीच परवानापत्राची एखादी पायरी वगळत असेल, पर्यवेक्षकाला ते ठाऊक असेल आणि महिनाअखेरीस त्याच पाळीचे कौतुक होत असेल, तर तो एका कामगाराचा दोष राहत नाही, ती त्या विभागाची रीत झालेली असते. अपघात झाला की मात्र तीच रीत एका माणसाचे गैरवर्तन म्हणून कागदावर येते. चुकीला शिक्षा केल्याने चूक थांबत नाही, ती लपविली जाते. ‘थोडक्यात वाचलो’ अशा प्रसंगांची नोंद ज्या कारखान्यात होत नाही, तेथे पुढच्या मोठ्या अपघाताची पूर्वसूचना मिळण्याचा मार्गच बंद होतो.

या दृष्टीने भोपाळचे उदाहरण विसरता येत नाही. डिसेंबर १९८४ मधील दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइड कंपनीने एका असंतुष्ट कर्मचाऱ्याने टाकीत मुद्दाम पाणी सोडल्याचा दावा पुढे केला. टाकीचे शीतकरण बंद होते, वायू शोषून घेणारी व जाळून टाकणारी यंत्रणा वेळेवर उपयोगी पडली नाही, ही वस्तुस्थिती या दाव्याने पुसली जात नव्हती. पाणी कोणत्याही मार्गाने आत गेलेले असो, ते गेल्यावर हजारोंचे प्राण जाणार नाहीत अशी व्यवस्था ठेवणे ही कंपनीचीच जबाबदारी होती. ‘वाईट कर्मचारी’ हे स्पष्टीकरण व्यवस्थापनाला किती सोयीचे असते, याचा हा दाखला आहे.

झोपेचे दोन खटले

शिक्षा किती असावी या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील दोन प्रकरणांतून फार चांगले समजते. दोन्ही प्रकरणांत आरोप एकच होता : कामाच्या वेळेत झोपणे.

पहिले प्रकरण ठाण्यातील कलर-केम कंपनीचे. रात्रपाळीत यंत्र चालू ठेवून दोन कामगार झोपलेले आढळले. चौकशी होऊन त्यांना सेवेतून काढण्यात आले. महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१ याखाली हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९८ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, वर्तन गंभीर असले तरी त्यासाठी नोकरीच काढून घेणे ही धक्कादायकरीत्या विषम शिक्षा होय आणि अशी शिक्षा देणे हीच अनुचित कामगार प्रथा ठरते.

दुसरे प्रकरण पुण्याच्या भारत फोर्ज कंपनीचे. २६ ऑगस्ट १९८३ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे पहिल्या पाळीत, एक कामगार कामाच्या जागी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला आढळला. याआधी अशाच स्वरूपाच्या गैरवर्तनाबद्दल त्याला तीनदा सौम्य शिक्षा देऊन सोडून देण्यात आले होते. या वेळी त्याला बडतर्फ करण्यात आले. खालच्या न्यायालयांत निर्णय वेगवेगळे लागत गेले आणि अखेर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. एका डुलकीचा निकाल लागण्यास बावीस वर्षे लागली, हेही या प्रकरणाने शिकविले.

वरवर पाहता हे दोन निर्णय परस्परविरोधी वाटतात. चालू यंत्राशेजारची झोप अधिक धोकादायक असूनही तेथे नोकरी वाचली आणि दिवसाढवळ्या पत्र्यावर झोपणाऱ्याची गेली. परंतु पुण्याच्या प्रकरणात पूर्वीचे तीन प्रसंग होते व सुधारण्याची संधी दिली गेली होती, ही बाब निर्णायक ठरली. वर्तनाचे स्वरूप, त्यामुळे होणारी हानी आणि माणसाचा पूर्वेतिहास या तिन्हींचे वजन एकत्र करूनच शिक्षेचे माप ठरते. रात्रपाळीतील झोपेला शरीरशास्त्रीय कारणही आहे. पहाटे तीन ते पाच या वेळात माणसाची जागरूकता नैसर्गिकरीत्या सर्वांत कमी असते. अमेरिकेतील थ्री माइल आयलंडची १९७९ मधील अणुदुर्घटना पहाटे चारच्या सुमारास, १९८६ मधील चेर्नोबिलची रात्री दीडच्या आधी आणि भोपाळची मध्यरात्रीच्या सुमारास घडली. पाळ्यांची फेरपालट कशी करावयाची हा प्रश्न त्यामुळे शिस्तीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

शिवीगाळीच्या बाबतीत २००५ मधीलच महिंद्र अँड महिंद्र प्रकरणाचा दाखला दिला जातो. कामगाराने वरिष्ठाला अत्यंत अर्वाच्य शिव्या दिल्या होत्या. कामगार न्यायालयाने बडतर्फी अती कठोर ठरविली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्ववत केली. शिस्तभंगाला सहानुभूतीच्या आधारे माफी देता येणार नाही, असा त्याचा रोख होता. याउलट वरिष्ठ कनिष्ठाला रोज अपमानित करीत असेल, तर त्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. लैंगिक छळाखेरीज इतर मानसिक छळाची तक्रार सेवानियमांच्या सामान्य कलमांतूनच करावी लागते आणि ती ज्याच्यासमोर करावयाची, तो पुष्कळदा त्याच साखळीतील असतो.

न्यायाधिकरणांना शिक्षेत हस्तक्षेप करण्याचा अधिकार पूर्वीपासून नव्हता. बर्नपूरच्या इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या १९५८ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराला मर्यादा घातल्या होत्या. सद्भावाचा अभाव, सूडबुद्धी, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा पुराव्याशी पूर्णपणे विसंगत निष्कर्ष असेल, तरच न्यायाधिकरणाने मध्ये पडावे, असे ते म्हणाले. १५ डिसेंबर १९७१ पासून औद्योगिक विवाद अधिनियमात कलम ११-अ अंतर्भूत झाले व बडतर्फी रद्द करून सौम्य शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधिकरणांना मिळाला. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही हा अधिकार कायम ठेवण्यात आला आहे.

चौकशीची रीत

दोषारोपपत्रात आरोप नेमका असावा, कामगाराला उत्तर देण्यास अवधी मिळावा, साक्षीदारांची उलटतपासणी करता यावी, चौकशी अधिकारी स्वतः तक्रारदार वा साक्षीदार नसावा, हे नैसर्गिक न्यायाचे घटक परिचित आहेत. १९९३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन प्रकरणात घटनापीठाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल शिक्षेपूर्वी संबंधित कर्मचाऱ्यास दिला गेला पाहिजे. चौकशीच्या काळातील निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि विलंब कामगारामुळे झाला नसल्यास त्यापुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता देण्याची तरतूद स्थायी आदेशांच्या कायद्यात होती व नव्या संहितेतही ती आहे. चौकशी सामान्यतः निलंबनापासून ९० दिवसांत पूर्ण करावी, असेही संहिता सांगते.

लैंगिक छळाच्या चौकशीची वाट निराळी आहे. १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निर्णयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि ९ डिसेंबर २०१३ पासून त्यासंबंधीचा केंद्रीय कायदा अमलात आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरील सदस्य अशी तिची रचना असते. तक्रार तीन महिन्यांत करावयाची आणि चौकशी ९० दिवसांत संपवावयाची असते. या कायद्याने ‘कर्मचारी’ या शब्दात कायम, हंगामी, प्रशिक्षणार्थी आणि ठेकेदारामार्फत आलेल्या स्त्रियांचाही समावेश केला. ही व्याप्ती महत्त्वाची का, हे पुढील भागावरून लक्षात येईल.

ठेकेदाराचा कामगार आणि दारूबंदीची मोहीम

भिलाईच्या इतिहासात ‘हानिकारक कर्मचारी’ हा शिक्का एका माणसावर फार लवकर बसला. शंकर गुहा नियोगी १९६० च्या दशकात कारखान्याच्या कोक भट्टी विभागात काम करीत होते. कामगार संघटनेच्या कार्यामुळे त्यांना नोकरीतून काढण्यात आले. पुढे कारखान्याच्याच मालकीच्या दल्ली-राजहरा खाणींतील कंत्राटी मजुरांची त्यांनी १९७७ मध्ये संघटना बांधली. छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ हे तिचे नाव. त्याच वर्षी जूनमध्ये आंदोलक मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात कामगार मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी स्वतः उभारलेले शहीद रुग्णालय ३ जून १९८३ रोजी सुरू झाले.

या संघटनेचे एक कार्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. लढ्यानंतर मजुरी वाढली तेव्हा वाढलेला पैसा दारूच्या गुत्त्यात जाऊ लागला. मद्यपान, त्यातून येणारी गैरहजेरी, खाणीतील अपघात आणि घरातील मारहाण ही साखळी कोणत्याही व्यवस्थापनाच्या परिचयाची असते. व्यवस्थापनाचे उपाय ठरलेले असतात : तोंडाचा वास घेणे, दोषारोपपत्र देणे, काढून टाकणे. येथे संघटनेनेच दारूविरोधी मोहीम हाती घेतली व स्त्रियांनी तीत मोठा वाटा उचलला. दारू सोडणे ही मालकाची अट न राहता आपल्या मोहल्ल्याची अट झाली. जे वर्तन नोटिशीने सुटत नव्हते, त्यावर कामगारांच्या स्वतःच्या निर्णयाने परिणाम झाला. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतील निवासस्थानी हत्या झाली. त्या वेळी ते भिलाई परिसरातील खासगी कारखान्यांतील मजुरांचा लढा चालवीत होते. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाउस रेल्वे स्थानकावर रूळ अडवून बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला व त्यात सोळा जणांचा बळी गेला.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ॲल्विन गोल्डनर यांनी १९५४ मध्ये एका जिप्समच्या खाणीच्या व कारखान्याच्या अभ्यासातून नियमांचे तीन प्रकार दाखवून दिले होते. काही नियम केवळ नावापुरते असतात. धूम्रपानबंदीचा फलक लागलेला असतो आणि फलकाखालीच विड्या ओढल्या जातात. काही नियम एक बाजू दुसरीवर लादते आणि शिक्षेच्या धाकावर ते चालतात. गैरहजेरीचे नियम बहुधा असे असतात. तिसऱ्या प्रकारच्या नियमांना दोन्ही बाजू आपले मानतात. गोल्डनर यांनी सुरक्षेच्या नियमांचा समावेश यात केला. राजहऱ्याची दारूबंदी या तिसऱ्या प्रकाराच्याही एक पाऊल पुढची म्हणावी लागेल, कारण तेथे नियम करणारी बाजूच बदलली होती. उद्योगातील शिस्त-संहिता, जी १ जून १९५८ पासून, म्हणजे भिलाईची भट्टी पेटण्यापूर्वी आठ महिने, देशात अमलात आली होती, तिचा उद्देशही हाच होता. निष्काळजीपणा, मालमत्तेची नासधूस व अवज्ञा यांना कामगार संघटनांनी उत्तेजन देऊ नये आणि मालकांनी छळ व सूडबुद्धी टाळावी, असे उभय पक्षांनी स्वेच्छेने मान्य केले होते. संहितेला कायद्याचे बळ नव्हते. हळूहळू ती पाठ्यपुस्तकांपुरती उरली.

एका छताखाली दोन शिस्ती

भिलाईतील कायम कामगारांची संख्या पूर्वीच्या तुलनेत पुष्कळ घटली असून देखभाल, साफसफाई, मालवाहतूक यांसारख्या अनेक कामांवर ठेकेदारांचे मजूर असतात. यांतील बरीच कामे जोखमीची आहेत. कायम कामगाराने नियम मोडला तर त्याला दोषारोपपत्र मिळते, चौकशी होते, अपील करता येते. ठेकेदाराच्या मजुराचे प्रवेशपत्र परत घेतले की त्याची नोकरी संपते. तो औद्योगिक विवाद उपस्थित करू शकतो हे खरे, पण त्या वेळी कारखाना सांगतो की तो आमचा कामगार नाही आणि ठेकेदाराचे कंत्राट तोवर संपलेले असते. ऑगस्ट २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कंत्राटी पद्धतीवर बंदी घालणारी अधिसूचना निघाली तरी मजूर आपोआप मुख्य मालकाच्या सेवेत सामावले जात नाहीत. त्यानंतर ही दरी आणखी स्पष्ट झाली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या. त्यांनी १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८ चा कारखाने कायदा आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा यांची जागा घेतली. स्थायी आदेशांच्या तरतुदी आता ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहेत. कंत्राटी मजुरांविषयीच्या तरतुदींची मर्यादाही २० वरून ५० करण्यात आली आहे. लहान उद्योगांवरील अनुपालनाचा भार कमी व्हावा हा यामागील हेतू सांगितला जातो आणि त्यात तथ्य आहे. तथापि, प्रचंड कारखान्याच्या आवारात ६० मजूर घेऊन काम करणारा ठेकेदार कायद्याच्या दृष्टीने लहानच आस्थापना ठरतो. त्याच्या मजुरांसाठी गैरवर्तनाची प्रमाणित यादी नाही, म्हणजे कोणते वर्तन गैरवर्तन नव्हे, हेही कोठे लिहिलेले नाही.

सुरक्षेच्या कायद्यात मात्र चित्र वेगळे आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात सुधारणा होऊन, जिवाला तातडीचा धोका आहे अशी रास्त शंका आल्यास ती व्यवस्थापनाच्या निदर्शनास आणून देण्याचा हक्क कामगारांना मिळाला. त्या कायद्यातील ‘कामगार’ या शब्दात ठेकेदारामार्फत आलेल्या मजुराचाही समावेश होता. धोका कळविण्याचा हक्क नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणजे वायुवाहिनीवर काम करणाऱ्या मजुराने ‘येथे गळती आहे, मी झडप उघडणार नाही’ असे म्हटले, तर सुरक्षेच्या कायद्यासाठी तो हक्क बजावणारा कामगार असतो. त्याच दिवशी सायंकाळी ठेकेदाराने उद्यापासून येऊ नकोस असे सांगितले, तर त्या नकाराला अवज्ञा म्हणावयाचे की कर्तव्य, हे ठरविणारी चौकशी त्याच्या वाट्याला येत नाही.